जुने कार्टूनपट पुन्हा कोण आणतो?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा मी 'कार्टूनपट' असे सांगितले. ते जरा थांबले आणि म्हणाले, "मग त्या दिवशी मुलांसाठी पुढे सतरंज्या टाकू का?" माझे आयुष्य युनियनच्या कचेरीत गेले. पगार, बोनस, कंत्राटी कामगार यांवर मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती आणि ती रास्तच होती. मी त्यांना एवढेच म्हटले की, मुले आली तर आनंद आहे. पण विषय पगाराचाच आहे, फक्त तो जरा लांबच्या वाटेने येणार आहे.

आमच्या चाळीत १९८५-८६ च्या सुमारास गणेशोत्सवात वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणीत. रात्री मोठ्यांसाठी दोन हिंदी चित्रपट आणि त्याआधी, आरतीनंतर, मुलांसाठी कार्टूनची एखादी कॅसेट. ती नकलेची नक्कल असे. रंग विटलेले, आवाज घोगरा. तरीही आम्ही सोळा-सतरा वर्षांची मुलेसुद्धा मागे उभे राहून ती पाहत असू. पुढे माझ्या मुलीसाठी तेच चित्रपट शोधू लागलो तेव्हा एक गंमत ध्यानात आली. काही चित्रपट दुकानात होते. काही एका वर्षी असत, दुसऱ्या वर्षी नाहीसे होत आणि काही वर्षांनी नव्या वेष्टनात, नव्या किमतीला परत येत. आणि काही कधीच येत नसत. दुकानदार म्हणे, "वरूनच माल येत नाही." 'वरून' हा शब्द मला कारखान्यापासून परिचयाचा आहे. 'वर' कोण बसला आहे आणि तो कशाच्या आधारे ठरवतो, हे शोधल्यावाचून मला राहवत नाही. कॉलेजचे तोंड मी पाहिलेले नाही. नगर वाचनालयात आणि मिळतील तेथील कागदपत्रे वाचून जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवतो. डीव्हीडी, ब्लू-रे या सर्वांना मी 'तबकडी' म्हणणार आहे. ग्रामोफोनच्या काळापासून हा शब्द आपल्या तोंडात बसलेला आहे.

सात वर्षांचे पीक

पुनःप्रकाशनाची ही चाल तबकडीहून पुष्कळ जुनी आहे. वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' हा पूर्ण लांबीचा कार्टूनपट डिसेंबर १९३७ मध्ये लॉस एंजेलिस येथे प्रथम दाखविला गेला. पुढे महायुद्ध आले, युरोपची बाजारपेठ बंद पडली आणि स्टुडिओची ओढाताण होऊ लागली. तेव्हा १९४४ साली तोच चित्रपट पुन्हा थिएटरांत लावण्यात आला. नवे चित्र काढण्याचा खर्च नाही, फक्त प्रती काढावयाच्या; आणि पैसा मात्र पुन्हा आला. मग १९५२, १९५८, १९६७, १९७५, १९८३, १९८७ आणि १९९३ अशा फेऱ्या झाल्या.

यातील अंतर पाहा. ते बहुतेक सहा ते नऊ वर्षांचे आहे. सात-आठ वर्षांत लहान मुलांची एक नवी पिढी तयार होते. तिने तो चित्रपट पाहिलेला नसतो, आणि तिच्या आईबापांना मात्र तो आठवत असतो. आठवण असलेला पैसे देतो आणि न पाहिलेला हट्ट धरतो. शेतकरी जमीन पड टाकून पुन्हा पेरतो, तशी ही व्यवस्था होती. नटनटींचे चित्रपट त्यांच्या कपड्यांमुळे, मोटारींमुळे जुने दिसू लागतात. काढलेली राजकन्या म्हातारी होत नाही. म्हणून ही शेती कार्टूनपटांतच विशेष पिकली.

व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा डिस्ने कंपनीत यावरून मोठा वाद झाला. 'डम्बो' आणि 'अॅलिस इन वंडरलँड' हे दोन चित्रपट कॅसेटवर लवकर आले. ते पूर्वी टेलिव्हिजनवर दाखवून झालेलेच होते. पण ज्या चित्रपटांवर थिएटरची फेरी चालत असे, ते घरोघर विकले तर फेरी कायमची बंद पडेल, असे जुन्या मंडळींचे म्हणणे होते. १९८४ साली नवे व्यवस्थापन आले. त्या वर्षाअखेर 'रॉबिन हूड' आणि १९८५ साली 'पिनोकिओ' बाहेर पडला. 'पिनोकिओ'च्या कॅसेटची किंमत आरंभी सुमारे ८० डॉलर होती; कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने ती घ्यावी असा हिशेब होता. पुढे ती सुमारे ३० डॉलरवर आणताच घरगुती गिऱ्हाईक तुटून पडले. १९९५ साली आलेल्या 'द लायन किंग'च्या कॅसेटी तर ३ कोटींहून अधिक विकल्या गेल्या. जुन्या मंडळींची भीती खोटी ठरली नाही. पण जे गेले त्यापेक्षा जे आले ते कितीतरी जास्त होते.

आता फेरीचे तत्त्व दुकानात आणले गेले. चित्रपट ठरावीक मुदतीसाठी विकावयाचा, मुदत संपली की माल परत घ्यावयाचा आणि 'आता हा तिजोरीत गेला' अशी जाहिरात करावयाची. काही वर्षांनी तिजोरी उघडावयाची. २००१ साली 'स्नो व्हाइट' तबकडीवर आला, २००२ साली 'ब्यूटी अँड द बीस्ट', २००३ साली 'द लायन किंग', २००४ साली 'अलादीन'. म्हणजे भांडारातील मोठे दागिने पाळीपाळीने बाहेर काढले जात होते. त्यातच तबकडीची जातही बदलत गेली. अमेरिकेत डीव्हीडी १९९७ साली आली, ब्लू-रे २००६ साली आणि त्याहून बारीक चित्र देणारी ४के तबकडी २०१६ साली. एकट्या 'स्नो व्हाइट'चाच हिशेब मांडा: १९९४ साली कॅसेट, २००१ साली डीव्हीडी, २००९ साली ब्लू-रे, २०१६ साली पुन्हा नवी आवृत्ती आणि कंपनीला १०० वर्षे पूर्ण झाली त्या २०२३ सालच्या ऑक्टोबरात ४के. एकाच चित्रासाठी एका घराने पाच वेळा पैसे दिले असण्याचा संभव आहे.

गिऱ्हाईक आहे काय?

निवड करताना स्टुडिओ चार प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न उघड आहे: गिऱ्हाईक आहे काय? तबकडी काढावयाची तर जुनी फिल्म तपासणे, ती स्वच्छ करणे, आवाज दुरुस्त करणे, तबकड्या छापणे आणि दुकानांत पाठविणे हा खर्च आधी करावा लागतो. तो खर्च लोकप्रिय चित्रपटाला आणि नावडत्या चित्रपटाला जवळजवळ सारखाच येतो. येणे मात्र सारखे नसते. म्हणून आवडतीला पुन्हापुन्हा पैठणी नेसवितात आणि नावडती कोपऱ्यात राहते. डिस्नेचाच 'द ब्लॅक कॉल्ड्रन' हा चित्रपट १९८५ साली थिएटरात पडला. अमेरिकेत त्याची कॅसेट निघावयाला १९९८ साल उजाडले.

या अडचणीवर एक चांगला तोडगा वॉर्नर कंपनीने २००९ साली काढला. त्यांनी आधी हजारो तबकड्या छापून गुदाम भरण्याऐवजी, मागणी येईल तेवढ्याच तबकड्या तयार करून टपालाने पाठविण्यास आरंभ केला. लग्नातल्या पंगतीला शंभर पाने आधी मांडावी लागतात. खानावळीत गिऱ्हाईक बसल्यावर ताट वाढले तरी चालते. या खानावळी पद्धतीमुळे ज्या चित्रपटांना मोजकेच चाहते होते तेही लोकांच्या हाती पडू लागले. अर्थात 'गिऱ्हाईक नाही' हे कारण पुष्कळदा 'आमच्या पद्धतीने विकण्याइतके गिऱ्हाईक नाही' एवढेच असते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

सातबारा कोणाच्या नावावर?

दुसरा प्रश्न मालकीचा. आपल्यापैकी ज्यांनी जमिनीचा व्यवहार केला आहे त्यांना ठाऊक आहे की, सातबाऱ्यावर मालकाचे नाव एका रकान्यात असते आणि शेजारी 'इतर अधिकार' असा दुसरा रकाना असतो. खरी मेख त्या दुसऱ्या रकान्यात असते. चित्रपटाचेही तसेच आहे. फिल्म एकाची, पात्र दुसऱ्याचे, गाणे तिसऱ्याचे, आवाज चौथ्याचा.

पॉपॉय या खलाशाचेच उदाहरण घ्या. हे पात्र १९२९ साली एका वृत्तपत्रातील चित्रमालिकेत जन्मले आणि त्याचे हक्क 'किंग फीचर्स' या संस्थेकडे. त्याचे कार्टूनपट न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओने १९३३ पासून काढले. त्या फिल्मा पुढे या हातातून त्या हातात विकल्या जात वॉर्नरकडे आल्या. फिल्म एका घरी आणि खलाशी दुसऱ्या घरी, अशा स्थितीत दोघांचा समझोता २००६ साली झाला; २००७ साली पहिला अधिकृत संच तबकडीवर निघाला. पहिल्या चित्रापासून तोपर्यंत ७४ वर्षे झाली होती.

मालकच नसला तर चित्रपट मोकळा होऊन सर्वांना सुलभ होईल असे वाटते. फ्लायशर स्टुडिओच्याच 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या १९३९ सालच्या चित्रपटाच्या हक्काचे वेळेवर नूतनीकरण झाले नाही आणि तो सार्वजनिक झाला. परिणाम काय? वाटेल त्याने मिळेल त्या विटलेल्या प्रतीवरून स्वस्त कॅसेटी आणि तबकड्या काढल्या. ज्यावर आपला एकट्याचा हक्क राहणार नाही त्याच्या डागडुजीवर मोठा पैसा घालण्यास धंदेवाला सहसा तयार होत नाही. गावच्या सार्वजनिक विहिरीवर पाणी सर्वांचे असते, गाळ काढावयाला मात्र कोणी पुढे होत नाही.

आता त्या 'इतर अधिकार' रकान्यातील दोन खटले सांगतो. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म त्यांत आहे.

पहिला खटला गायिका पेगी ली यांचा. 'लेडी अँड द ट्रँप' या १९५५ सालच्या चित्रपटासाठी त्यांनी गाणी रचण्यात भाग घेतला, ती गायली आणि काही पात्रांना आवाज दिला. त्यांचा करार १९५२ सालचा. त्यात एक वाक्य होते: जनतेला विकण्यासाठी ध्वनिमुद्रिका किंवा तत्सम मुद्रित प्रती काढण्याचा हक्क या कराराने कंपनीला मिळत नाही. १९५२ साली घरगुती व्हिडिओ कॅसेट कोणी स्वप्नातही पाहिली नव्हती. १९८७ साली त्या चित्रपटाच्या कॅसेटी लाखांनी विकल्या गेल्या तेव्हा बाईंनी ते वाक्य काढून कोर्टापुढे ठेवले. कॅसेट ही विक्रीसाठी काढलेली मुद्रित प्रतच होय, असे ठरले. १९९१ साली ज्यूरीने निकाल दिला, १९९२ साली अपिलात तो टिकला आणि बाईंना सुमारे २३ लाख डॉलर मिळाले.

दुसरा खटला संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांच्या रचनेचा. 'फँटेजिया' या १९४० सालच्या चित्रपटात त्यांचे 'राइट ऑफ स्प्रिंग' वापरले आहे. त्यासाठी १९३९ साली ६,००० डॉलर देऊन डिस्नेने परवाना घेतला होता. 'फँटेजिया' १९९१ साली कॅसेटवर आला तेव्हा त्या संगीताचे हक्क असलेल्या प्रकाशकांनी दावा लावला की, परवाना चित्रपटाचा होता, कॅसेटचा नव्हे. १९९८ साली अपील कोर्टाने या मुद्द्यावर सांगितले की, परवान्याचे शब्द व्यापक आहेत. त्यांत चित्रपटाची कॅसेटही बसते. नवी पद्धत वगळावयाची होती तर वगळू इच्छिणाऱ्याने तसे लिहून घ्यावयास हवे होते.

दोन करार, दोन्ही जुने, दोघांनाही पुढचा काळ दिसत नव्हता. एकात एक वाक्य होते, दुसऱ्यात नव्हते.

हे वाचत असताना मला माझी एक सही आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात, त्याचे नाव येथे नको, आम्ही उत्पादन-बोनसचा करार केला. मी तरुण होतो. रात्रभर वाटाघाटी झाल्या आणि पहाटे मसुदा हाती आला. दर चांगला होता. त्यात 'सध्या बसविलेल्या लेथ यंत्रांवरील उत्पादनास' असे शब्द होते. मी ते वाचले आणि पुढे गेलो. दोन वर्षांनी संगणकावर चालणारी यंत्रे आली, जुनी लेथ एकेक करून उचलली गेली आणि यंत्रांबरोबर बोनसही गेला. माणसे तीच, हात तेच. दाद मागितली तेव्हा करारातील ते चार शब्द आमच्यापुढे धरण्यात आले. मालकाने फसविले असे मी म्हणत नाही. त्याने लिहिले ते मी वाचले होते. 'किंवा त्यांच्या जागी येणाऱ्या यंत्रांवरील' एवढे शब्द मी घालून घेतले असते तर चाळीस घरांत फरक पडला असता. पेगी ली यांच्या वतीने ते वाक्य ज्याने घातले त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

मूळ प्रत कशी आहे?

तिसरा प्रश्न मूळ फिल्मच्या प्रकृतीचा. येथे कार्टूनपट कसा तयार होई हे थोडक्यात सांगणे जरूर आहे. कलावंत कागदावर पेन्सिलीने चित्रे काढीत. ती पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर शाईने गिरविली जात, मागील बाजूने रंग भरला जाई आणि रंगविलेल्या देखाव्यावर तो पत्रा ठेवून छायाचित्र घेतले जाई. एका सेकंदाला अशी २४ छायाचित्रे. 'स्नो व्हाइट' ८३ मिनिटांचा आहे. म्हणजे सुमारे १ लाख २० हजार छायाचित्रे झाली. रंगासाठी प्रत्येक चित्राचे छायाचित्र तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचेतून असे तीनदा, एकापुढे एक, काळ्या-पांढऱ्या फिल्मवर घेत. हीच पद्धत आज उपकारक ठरली आहे. रंगीत फिल्मचे रंग काळाने उडतात; येथे मूळ फिल्मवर रंग नव्हतेच, रंगांची केवळ काळी-पांढरी नोंद होती. ती शाबूत असेल तर रंग पुन्हा नव्याने मिळविता येतात.

पण ती फिल्म नायट्रेटची. ती चटकन पेट घेते आणि नीट न ठेवल्यास कुजून तिची भुकटी होते. १९९३ साली 'स्नो व्हाइट' संपूर्णपणे संगणकात उतरवून, त्यातील धूळ व ओरखडे काढून पुन्हा फिल्मवर आणण्यात आला. असा संपूर्ण जीर्णोद्धार झालेला तो पहिला चित्रपट. ज्याची मूळ प्रत चांगली, त्याचा जीर्णोद्धार स्वस्त. ज्याची प्रत हरवली वा कुजली, त्याचे नाव यादीत खाली जाते.

जीर्णोद्धारातही तारतम्य लागते. देवळाचा जुना दगड ऑइलपेंटने रंगविला की देऊळ स्वच्छ दिसते, पण टाकीचे घाव बुजून जातात. फिल्मवर बारीक रवा दिसतो. तो संगणकाने पुसताना कलावंताची रेषाही पुसली जाण्याचा धोका असतो. १९६३ सालच्या 'द स्वोर्ड इन द स्टोन'ची ब्लू-रे तबकडी २०१३ साली निघाली तेव्हा जाणकारांनी हीच तक्रार केली. ती का जिव्हारी लागली, ते ऐका. १९६१ सालच्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'पासून त्या स्टुडिओने पेन्सिलीची रेषा यंत्राने थेट पत्र्यावर उठविण्याची झेरॉक्स पद्धत घेतली होती. त्यामुळे त्या काळच्या चित्रांत कलावंताच्या हाताचा खडबडीतपणा जसाच्या तसा दिसतो, आणि तोच संगणकाने सफाईच्या नावाखाली चाटून टाकला. याच पद्धतीमुळे हाताने शाई गिरविणाऱ्या स्त्रियांचे काम गेले, हेही येथेच नोंदवून ठेवतो. या टीकेचा उपयोग झाला असे म्हणावयास जागा आहे. २०२३ सालच्या 'सिंड्रेला' आणि 'स्नो व्हाइट' यांच्या नव्या प्रतींसाठी चित्रकलेच्या जाणकारांना बरोबर घेतले गेले आणि रेषा व रवा बऱ्याच अंशी राखले गेले.

चारचौघांत दाखविण्याजोगे आहे काय?

चौथा प्रश्न अवघड आहे. त्या काळच्या अमेरिकी कार्टूनपटांत काळ्या लोकांची फार हीन टवाळी केलेली आढळते. त्याचे काय करावयाचे? स्टुडिओंनी निरनिराळे मार्ग धरले. पहिला मार्ग कुलपाचा. वॉर्नरचे असे ११ लघुपट त्या वेळच्या हक्कदार कंपनीने १९६८ साली टेलिव्हिजनवरून काढून घेतले. डिस्नेचा 'साँग ऑफ द साउथ' हा १९४६ सालचा चित्रपट, ज्यात खरी माणसे आणि कार्टूने एकत्र आहेत, अमेरिकेत १९८६ साली थिएटरात शेवटचा लागला. तेथे त्याची कॅसेटही निघाली नाही आणि तबकडीही नाही. २०२० साली कंपनीच्या प्रमुखांनी भागधारकांना सांगितले की, इशारा जोडूनही तो दाखविणे योग्य होणार नाही.

दुसरा मार्ग कात्रीचा. 'फँटेजिया'तून एका काळ्या दासीचे अपमानकारक चित्रण १९६९ साली कापले गेले. २०१३ साली 'टॉम अँड जेरी'च्या संचाचा दुसरा भाग जाहीर झाला. त्यातून दोन लघुपट याच कारणास्तव गाळले आहेत असे कळताच विकत घेणारांनीच गिल्ला केला. ज्यांना संपूर्ण संच हवा होता ते अपुरा घेईनात आणि तो भाग निघालाच नाही.

तिसरा मार्ग टिपणाचा. वॉर्नरने काही संचांच्या आरंभी असा मजकूर घातला की, यांतील पूर्वग्रह तेव्हाही चूक होते व आजही चूकच आहेत. पण ते लपविणे म्हणजे ते कधी नव्हतेच असा आव आणणे होय.

ज्याची टवाळी झाली त्याच्या मुलाच्या डोळ्यांसमोर हे चित्र न सांगता येऊ नये, हे मला मान्य आहे. जातीवरून होणारी टवाळी ज्या देशाने पाहिली आहे, त्या देशातील माणसाला हे निराळे सांगावयास नको. तथापि युनियनच्या कार्यालयात इतिवृत्ताची वही असते. एखादा ठराव पुढे चुकीचा ठरला तर आम्ही त्याखाली दुसरा ठराव लिहितो. पान फाडीत नाही. लहान मुलांच्या कपाटात ते चित्र नसावे, पण अभ्यासकाच्या कपाटात टिपणासह असावे, असे माझे मत आहे.

न विचारला जाणारा प्रश्न

हे चार प्रश्न झाले. हिशेबनीस, वकील, तंत्रज्ञ आणि जनसंपर्क अधिकारी यांनी मिळून ते सोडविले की तबकडी निघते. पाचवा प्रश्न कोणी विचारीत नाही: हे काढले कोणी आणि या फेऱ्यांतून त्यांना काय मिळाले?

फ्लायशर स्टुडिओत १९३७ साली कलावंतांनी मे ते ऑक्टोबर असा पाच महिने संप केला. कमी पगार आणि लांब तास ही कारणे होती. पुढच्याच वर्षी स्टुडिओने न्यूयॉर्क सोडून फ्लॉरिडात बिऱ्हाड केले. १९४१ च्या मे महिन्यात डिस्नेच्या स्टुडिओत संप झाला. 'स्नो व्हाइट'ने अमाप पैसा मिळविला होता, पण पगारांत मोठी तफावत होती, माणसे कमी केली जात होती आणि पडद्यावर श्रेय मोजक्यांनाच मिळे. शाई गिरविणाऱ्या आणि रंग भरणाऱ्या स्त्रियांची नावे तर श्रेयनामावलीत नव्हतीच. आर्ट बॅबिट या नामांकित कलावंताला संघटनेच्या कामामुळे काढून टाकले आणि संपाला तोंड फुटले. 'स्नो व्हाइट'मधील दुष्ट राणी आणि 'पिनोकिओ'तील म्हातारा जेपेटो यांच्यात जीव ओतणारा हाच माणूस. शेवटी कंपनीला संघटना मान्य करावी लागली. अनेक वर्षांनी 'पिनोकिओ'च्या कॅसेटी आणि तबकड्या विकल्या गेल्या तेव्हा प्रत्येकीत बॅबिटचा म्हातारा चालत होता. बॅबिटजवळ मात्र पेगी ली यांच्या करारातल्यासारखे वाक्य नव्हते.

आजही हॉलिवुडच्या कार्टून कलावंतांना तबकडीच्या विक्रीतून व्यक्तिशः हिस्सा मिळत नाही. स्टुडिओंकडून जो पैसा येतो तो निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधीत जातो. तो निधी लहान गोष्ट नव्हे, आणि तोही संघटनेच्या करारामुळेच आहे. ज्याच्या म्हातारपणी औषधाचा खर्च भागतो त्याला त्याचे मोल कळते.

आजची स्थिती

आता तबकडीचेच दिवस सरत आले आहेत असे म्हणतात. २०१९ साली डिस्नेने आपली इंटरनेटवरील सेवा सुरू केली आणि तिजोरीची युक्ती मागे पडली. बहुतेक चित्रपट मासिक वर्गणीत दिसू लागले. २०२४ साली अमेरिकेतील तबकड्यांचा धंदा त्या कंपनीने सोनीकडे सोपविला. मग तबकडीची चिंता कशाला? कारण वर्गणीने दिसते ते आपले नसते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एचबीओ मॅक्स या सेवेने 'इन्फिनिटी ट्रेन'सारख्या अॅनिमेशन मालिका एका फटक्यात काढून टाकल्या. ज्यांच्याजवळ तबकडी होती त्यांच्याजवळ त्या तबकडीवरचे तरी उरले. पूर्वी तिजोरी बंद झाली तरी घरातील कॅसेट कोणी परत नेत नव्हते.

आपल्याकडचे एक उदाहरण देऊन संपवतो. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला. तेथील कलावंतांना शिकविण्यासाठी डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स आले होते आणि त्यातून जातककथेवर आधारलेला 'द बन्यन डिअर' हा लघुपट १९५७ साली तयार झाला. डिस्नेच्या कलावंतांनी आपल्या मुलांच्या हाती पेन्सिल दिली, असा हा धागा आहे. पण वरील चार प्रश्न या लघुपटाला लावून पाहा. पहिल्यातच तो नापास होतो: गिऱ्हाईक नाही. बाजाराच्या चाळणीतून असली चित्रे नेहमीच खाली पडणार. त्यांच्यासाठी पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारखी सार्वजनिक कोठारे लागतात आणि ती चालविण्यासाठी सार्वजनिक पैसा लागतो. त्या पैशाबद्दल कोणी 'कार्टूनांवर कसला खर्च' असे म्हणाला, तर त्याला उत्तर देणारे चार लोक आजच्या सभेतून निघावेत अशी माझी इच्छा आहे.

स्टुडिओवर माझा राग नाही. धंदा म्हटला की हिशेब आला आणि त्यांच्या हिशेबामुळेच कित्येक सुंदर चित्रे भुकटी होण्यापासून वाचली. माझे म्हणणे इतकेच की, जे परत येते ते उत्तम म्हणून येते असे समजू नये, आणि जे येत नाही ते टाकाऊ होते असेही समजू नये. आणि माझ्या कामगार बंधुभगिनींना वेगळे सांगणे आहे. उद्या तुमच्या हातचे काम कोणत्या रूपात, कोणत्या यंत्रातून पुन्हा विकले जाईल हे आज कोणालाही सांगता येणार नाही. १९५२ साली त्या बाईंनाही सांगता आले नव्हते. म्हणून करारात एक ओळ त्या न दिसणाऱ्या काळासाठी ठेवा. पहाटेचे चार वाजले असले आणि डोळे मिटत असले, तरी ती ओळ आहे की नाही हे पाहिल्यावाचून सही करू नका.